न्यूट्रलमधली सायकल

‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.’ सायकल शिकताना हे वाक्य ज्याच्या कानावर पडलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. मला आजोबांनी सांगितलं, त्यांना बहुधा त्यांच्या थोरल्या भावानं सांगितलं असणार. सल्ला अगदीच खोटा नाही. उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर माणूस हँडलवरून खरंच पुढे जातो. पण त्यामुळे झालं असं, की आमच्या अख्ख्या पिढीनं सायकलचा जोरकस ब्रेक शोभेला ठेवला आणि दुबळ्यावर काम भागवलं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं झालेलं चाक रस्त्याला धरत नाही, घसरतं. हे सगळं समजून-उमजूनसुद्धा आज पंचेचाळिशीला उतार दिसला की माझा डावा हात आधी आवळतो.

आमचा पुण्यात धायरीला लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, हिवाळ्यात थोडं खोबरेल. कर्वेनगर, कोथरूड, बावधन इथली ठरलेली घरं आहेत, त्यांना मी स्वतः तेल पोचवते. आधी स्कूटर होती. मग माल वाहायची इलेक्ट्रिक सायकल घेतली. लांबलचक मागचा कॅरियर, खाली जाडजूड स्टँड, मागच्या चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, म्हणजे हब मोटर. बॅटरीसकट सायकल चाळीस किलोच्या घरात जाते. मी सत्तर किलो. पंधरा किलोचे तीन डबे लादले की एकूण १५५ किलो.

आता हिशेब मांडते. मांडल्याशिवाय गंमत कळणार नाही. साधी सायकल पंधरा किलोची, वर सत्तर किलोचा माणूस, वेग ताशी १५ किलोमीटर. तिच्या अंगात साधारण ७४० जूल ऊर्जा असते. माझी भरलेली सायकल ताशी २५ नं निघाली की हाच आकडा ३,७०० च्या पुढे जातो. पाचपट. वजन दुपटीलाही पोचलेलं नाही, पण वेगाचा वर्ग होतो ना, तो खातो सगळं. आणि कारखान्यातून आलेले ब्रेक कसले, तर साध्या सायकलला बसवतात तेच: केबलवर चालणारे, १६० मिलिमीटरच्या डिस्कचे. मोटर दिली, बॅटरी दिली, हेडलाइट दिला, मोबाइल चार्ज करायची सोयसुद्धा दिली. थांबायची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला.

वडगावला ज्यांच्याकडे माझी सायकल दुरुस्तीला जाते त्या मामांनी पहिल्याच दिवशी फेरी मारून शेरा दिला होता. ‘ताई, हिला थांबवायला मागं दोन माणसं बांधावी लागतील.’

मामांची उमेद डबलबार सायकलींवर गेलेली. त्या सायकलींना केबल नव्हतीच, सळया होत्या. हँडलखालून सळई निघायची, सांध्यासांध्यानं वळत चाकापर्यंत जायची, आणि लिव्हर दाबला की रबराचे दोन तुकडे रिमच्या आतल्या बाजूला खालून वर चिकटायचे. पावसात रिम ओली झाली की चाकाचे चार-दोन फेरे होईपर्यंत ब्रेक लागतच नसे. दूधवाले दोन्हीकडे भरलेल्या किटल्या लटकावून त्याच सायकली हाकायचे, आणि मामा सांगतात त्याप्रमाणे खरा ब्रेक म्हणजे पायातली चप्पल. टाच घासत थांबायचं. डाव्या पायाची चप्पल आधी झिजायची म्हणे. चालून गेलं, कारण त्या सायकलला वेग देणारा माणूसच होता. जेवढं दमून कमावलं तेवढंच थांबवायचं होतं. माझी मोटर मला न दमवता वेग देते.

सरळ रस्त्यावर एकदा थांबणं तरी बरं. खरी परीक्षा चांदणी चौकाकडून भुसारी कॉलनीवरून कोथरूड डेपोकडे उतरताना. बावधनचे डबे पोचवून रिकामी येते तेव्हा ठीक, पण तिकडच्या कुणी ‘आज नको, पुढच्या आठवड्यात आणा’ म्हटलं की तोच भार घेऊन खाली यायचं. सायकलची मदत ताशी २५ ला बंद होते. २५० वॅटची मोटर आणि २५ चा वेग एवढ्यात बसलं तर नोंदणी नको, लायसन्स नको, म्हणून सगळे तेवढ्यात बसवतात. उताराला हा नियम लागू नाही. तो तुम्हाला ३०, ३५, ४० वर घेऊन जातो, विचारतसुद्धा नाही.

शंभरात सात मीटर उतरणारा रस्ता धरा आणि त्यावर ताशी २५ चा वेग धरून ठेवायचा आहे असं समजा. १५५ किलो वजन खाली येताना दर सेकंदाला सातशे-साडेसातशे जूल सोडतं. थोडं वारा खातो, थोडं टायर खातात. उरलेलं, म्हणजे ढोबळमानानं ५०० वॅट (सेकंदाला एक जूल म्हणजे एक वॅट), ब्रेकला पचवावं लागतं. सलग. माझ्या मोटरच्या दुप्पट. आणि कुणी आडवं आलं म्हणून दीड सेकंदात उभी करायची म्हटली, तर तेवढ्यापुरते अडीच हजार वॅट. सायकलवरचं सगळ्यात ताकदवान यंत्र मोटर नव्हेच, ब्रेक आहे. त्याची ताकद मात्र कुठल्या जाहिरातीत छापत नाहीत.

एवढी उष्णता जाते कुठे? डिस्कला दाबणाऱ्या पॅडमध्ये, डिस्कमध्ये, तिथून हवेत. शंभर मीटर उंचीवरून मला खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी पाण्यात घातली तर जवळजवळ अर्धा लिटर पाण्याला उकळी येईल. आणि ती रिचवायला समोर काय, तर दीडशे ग्रॅमच्या आसपासचा एक पोलादी पत्रा. पत्रा तापला, पॅड तापले, की पॅडमधला चिकटवणारा पदार्थ जळायला लागतो, वर एक चकचकीत थर चढतो, आणि लिव्हर तसाच घट्ट लागत असूनही सायकल ऐकेनाशी होते. हाताला सगळं ठीक वाटतं आणि रस्ता मात्र पुढे पळत राहतो.

हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार आमच्या घरापासून लांब नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एका अवजड वाहनानं चाळीसहून जास्त गाड्या चेपल्या. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची किंवा इंजिनच बंद करायचं, या सवयीची चर्चा तेव्हाही झाली, नंतरच्या प्रत्येक अपघातानंतर होते. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन स्वतः चाकांना ओढून धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार एकट्या ब्रेकवर. ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ट्रकचा असो की सायकलचा, वागतो सारखाच.

एकदा मामांकडे बसले असताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की माझी सायकल उतारावर कायमच न्यूट्रलमध्ये असते. तिच्या हब मोटरच्या आत गिअर आहेत आणि एकाच दिशेला धरणारा फ्रीव्हील आहे. म्हणून पायडल न मारता ती छान सुळकन जाते, मोटर अडवत नाही. त्याचाच दुसरा अर्थ, मोटर थांबवायलाही मदत करत नाही. गिअर नसलेल्या, थेट चाक फिरवणाऱ्या मोटरी असतात, त्यांना उलटं वापरून ब्रेक लावता येतो आणि थोडी वीज बॅटरीत परतही जाते. त्या जड असतात, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. डोंगरावर राहणाऱ्यानं रात्रभर चार्ज करून सकाळी उतार धरला तर त्याला ही मदत मिळायची नाही. माझ्याकडे तर तो प्रश्नच नाही. ब्रेक एके ब्रेक.

रेल्वेवाल्यांनी हे दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. बोरघाटात दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ. वर जायला मागून जादा इंजिनं लावतात ते सगळ्यांना दिसतं, पोरं खिडकीतून बघतात. खाली येताना मंकी हिलसारख्या ठिकाणी गाडी उगाच थांबते आणि डब्यातली मंडळी ‘आता काय झालं’ म्हणून कुरकुरतात. ती थांबते ती थांबता येतंय ना हे बघायला. आणि नाहीच जमलं, तर सुटलेल्या गाडीला चढावर वळवून जिरवायला वेगळा रूळ टाकून ठेवलेला असतो. चढायच्या तयारीइतकीच उतरायची तयारी. असा विचार करून कुणी सायकल बनवली तर मी दोन पैसे जास्त देईन.

तर, ब्रेक बदलायचे ठरले. घरात पहिली हरकत आली ती यजमानांची. ‘चांगले ब्रेक लावलेस की आणखी जोरात चालवशील.’ या युक्तिवादाला उत्तर नाही, कारण माणसं तशीच वागतात. मी फक्त विचारलं, की मग घाण्याची मोटर बंद करायचा लाल बटणवाला स्विच काढून टाकायचा का.

जुन्या ब्रेकमध्ये दोष दोन होते. एक म्हणजे एकच पॅड हलायचा. दुसरा जागेवर बसलेला. हलणारा पॅड डिस्कला किंचित वाकवून दुसऱ्यावर नेऊन टेकवायचा, तेव्हा कुठे पकड. दुसरा दोष केबलचा. लांब सायकल, त्यामुळे मागची केबल दोन मीटरच्या आसपास. लिव्हर दाबला की निम्मा जोर केबल ताणण्यात आणि तिच्यावरचं कव्हर आकसण्यात जायचा. त्यात पाऊस आणि धूळ मिळून केबल जाम. मामांनी चांगल्या प्रतीचं कव्हर घालून बघितलं, फरक पडला, पुरेसा नाही.

मग तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक. लिव्हरमधला छोटा पिस्टन तेल ढकलतो, तेल दबत नाही, तो दाब जसाच्या तसा खाली पोचतो आणि कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातले, चार पिस्टन दोन्हीकडून पॅड आवळतात. शाळेत पास्कलचा नियम म्हणून पाठ केलेलं, परीक्षेला लिहिलेलं, आणि विसरलेलं. बोटांना किती कमी जोर लागतो ते बघून मला पहिल्यांदा त्या धड्याबद्दल आदर वाटला.

मला डिस्क हवी होती २०३ मिलिमीटरची. डिस्क मोठी झाली की पकडणारी जागा आसापासून लांब जाते, तेवढ्याच जोरात चाक जास्त अडतं. १६० वरून १८० केली तर साडेबारा टक्के, २०३ केली तर सत्तावीसच्या आसपास. शिवाय धातू जास्त, म्हणजे उष्णता मावायला जागा जास्त. पण मामांनी पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा करून त्यावरचा शिक्का दाखवला. कमाल १८०. सायकल थांबवताना चाकाला जो अडवतो त्या कॅलिपरला कुणीतरी धरून ठेवायला लागतं, आणि ते काम चिमट्याचा डावा पाय एकटा करतो. त्याला झेपेल त्यापेक्षा मोठी डिस्क लावली तर ब्रेक शाबूत राहील आणि चिमटा जाईल. ‘मग बसा तोंडावर पडत,’ मामा म्हणाले. आजोबांचं वाक्य असं वेगळ्याच वाटेनं परत आलं.

पुढे १८०. मागे मात्र वेगळीच अडचण. हब मोटरचं झाकण बाहेर फुगलेलं असतं. चार पिस्टनचा कॅलिपर अंगानं रुंद. दोघं एकमेकांना घासायला लागले. इथे मोठी डिस्क वेगळ्या कारणासाठी कामाला आली. ती लावली की कॅलिपर आसापासून दूर सरकतो, झाकणाचा फुगवटा तिथपर्यंत पोचत नाही. तरी केसभर कमी पडत होतं, म्हणून डिस्कखाली पातळ वायसर घातला, सहाही बोल्ट आलटूनपालटून, समोरासमोरचे, टॉर्कच्या पान्यानं, म्हणजे किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्यानं, आवळले. मामांकडे टॉर्कचा पाना नव्हता. मी आणला आणि त्यांच्याकडेच ठेवला. आता तो त्यांच्या भिंतीवर सगळ्यात वरच्या खिळ्याला आहे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

तेलावरून थोडी बाचाबाची झाली. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात ब्रेक ऑइल मागितलं की मोटरसायकलचं डॉट ऑइल हातात येतं. सायकलच्या ब्रेकमध्ये काही कंपन्या ते वापरतात, पण माझे ब्रेक मिनरल ऑइलवर चालणारे. दोन्हींचे रबरी सील वेगळे. एकातलं दुसऱ्यात घातलं की सील फुगतात आणि काही दिवसांत लिव्हर पोकळ लागतो. मामांना हे पटेना. ‘तेल म्हणजे तेल. तुमचंच शेंगदाण्याचं घालू का?’ असं म्हणून हसत बसले. शेवटी बाटलीवरचं वाचून दाखवलं तेव्हा ऐकलं. एअर काढायची कला मात्र त्यांची स्वतःची. लिव्हरला वर छोटं नरसाळं, खाली कॅलिपरला तेल भरलेली सिरिंज, हळूहळू दाबत जायचं आणि पान्याच्या दांडीनं नळीला टिचक्या मारत वर यायचं. बुडबुडे एकेक करून नरसाळ्यात फुटतात. मागच्या लांब नळीतून शेवटचा बुडबुडा यायला फार वेळ लागला. मामांनी तोवर चहा मागवला नाही, हे विशेष.

एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. जुन्या लिव्हरमध्ये एक बारीक स्विच होता, ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा. पायडल थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते, आणि चौकात तो क्षण महाग पडतो. नवे लिव्हर घेताना स्विचवाले आणि आपल्या वायरीच्या टोकाला जुळणारे बघूनच घ्यावे लागतात. नाहीतर चुंबकाचा वेगळा सेन्सर चिकटवावा लागतो. माझे पहिल्यापासून स्विचवाले मिळाले. वायर जोडून, चाक उचलून, मोटर चालू ठेवून मामांनी ब्रेक दाबून बघितला तेव्हाच सायकल माझ्या हातात दिली.

नवे पॅड लगेच धरत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक लावून अगदी हळू करायची, पण चाक अडकवायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं वीसेक वेळा. पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो आणि मग पकड येते. हे करताना जळका वास येतो आणि डिस्क इतकी तापते की बोट लावलं तर फोड येईल. कर्वेनगरच्या एका सोसायटीत पोरं सायकलभोवती गोळा होतात, म्हणून आता मी उतरले की आधी डिस्कच्या बाजूला उभी राहते.

आणि तेलवालीनं डिस्क ब्रेक लावावे यातला विनोद मला कळतो. डिस्कचा सगळ्यात मोठा शत्रू तेल. डब्याच्या तोंडाशी ओघळ आला, हात पुसायचा राहिला, तोच हात चाकाला लागला, की पॅड तेल पितात आणि किंचाळायला लागतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येते. तेल प्यालेल्या पॅडवर माझा विश्वास नाही, ते टाकून द्यावे. आमच्या घाण्यावर आता सायकल माल चढवायच्या ओट्याला उलट्या बाजूनं लागते, डिस्कची बाजू बाहेर. डबे मी कायम गळ्यापर्यंत भरते. अर्धवट डब्यात तेल हिंदकळतं, ब्रेक लावला की आधी सायकल थांबते आणि मागून तेलाचा धक्का येतो. डबे बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्याहून चांगलं काही अजून मिळालेलं नाही.

ब्रेक बदलून झाल्यावर बाकीच्या गोष्टी एकेक करून तोंड वर काढायला लागल्या. ब्रेक फक्त चाक थांबवतो. सायकलला थांबवतो तो टायर, आणि टायरला रस्ता. कोरड्या डांबरावर आता ताशी २५ वरून पाचेक मीटरमध्ये उभी राहते, पण मला समोरचं दिसून हात आवळेपर्यंतच्या सेकंदात सात मीटर गेलेले असतात, ते कुठल्याही कॅलिपरनं परत येत नाहीत. पावसात ड्रेनेजचं झाकण, झेब्राचे पट्टे, गुलमोहराच्या ओल्या पाकळ्या. तिथे चार पिस्टन काय, चाळीस असले तरी उपयोग नाही. उलट जास्तच जपून बोट लावावं लागतं, कारण पूर्वी चाक अडकण्याइतका जोरच पोचत नव्हता. चाक अडकू न देणारं एबीएस आता इलेक्ट्रिक सायकललाही निघालंय, बॉशचं आहे, पण ते त्यांच्याच मोटरबरोबर चालतं आणि माझ्या सायकलला बसत नाही. म्हणून टायर बदलले, जाड आणि मऊ रबराचे, आणि हवा थोडी कमी ठेवते. मामांनी मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, दोन तारा सैल झाल्या होत्या त्या आवळल्या. हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्यात, ब्रेक लावल्यावर कट्ट असा आवाज येतो, तो बघायचा आहे.

उतरण्याची पद्धतही बदलली. पूर्वी ब्रेक उतारभर धरून ठेवायचे, हलकेच, घाबरत. पॅड भाजून काढायचा तो हमखास उपाय. आता मोकळी सोडते, वेग वाढतोय असं वाटलं की दोन्ही ब्रेक नीट दाबून खाली आणते, आणि परत सोडते. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. डबे मागे असल्यामुळे मागचं चाक साध्या सायकलसारखं हलकं होत नाही, त्यामुळे मागचा ब्रेकही बऱ्यापैकी काम करतो. उजवा हात अजून शिकतोय.

पॅडचं अस्तर अर्धा मिलिमीटर उरलं की बदलायचं असतं. पुढचे आता तिथवर आलेत. नाना पेठेत या मापाचे मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन चार जोड्या मागवल्या. मामांनी त्यातल्या दोन ठेवून घेतल्या. त्यांच्याकडे एका पाण्याचे जार पोचवणाऱ्या पोराची सायकल आली आहे, तीन जार मागे, दोन पुढे, आणि ब्रेक कारखान्यातून आलेले. त्याला ते आधी मोटरबद्दल काही बोलूच देत नाहीत.